तीस वर्षांनी हाती आलेली पदवी : कॉर्नेलिया सोराबजी यांची जीवनकथा

परीक्षेचा निकाल लागला, उत्तीर्ण झाल्याचेही कळले; परंतु पदवी हाती पडावयास तीस वर्षे लागली, असे कोणी सांगितले तर आजच्या विद्यार्थ्याला ते खरे वाटणार नाही. गुणपत्रिकेस दोन महिने विलंब झाला तरी आपल्या घरातील मंडळी अस्वस्थ होतात. नाशिक येथे जन्मलेल्या एका ख्रिस्ती कन्येच्या वाट्याला मात्र हा अनुभव खरोखरच आला. १८९२ साली तिने ऑक्सफर्ड विद्यापीठाची कायद्याची उच्च परीक्षा दिली आणि १९२२ साली तिला पदवी मिळाली. तिचे नाव कुमारी कॉर्नेलिया सोराबजी.

भारतातील पहिल्या महिला वकील म्हणून त्यांचे नाव पुष्कळांच्या कानावर असते. परंतु मधल्या तीस वर्षांत त्यांनी काय केले, आणि वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, केसांत रुपेरी छटा उमटण्याच्या वयात, ती पदवी घेण्याची त्यांना एवढी आवश्यकता का वाटावी, याचा विचार फारसा होत नाही. मुलांच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेणाऱ्या आपल्या समाजाने तो अवश्य करावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

घराणे आणि संस्कार

कॉर्नेलियाबाईंचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी झाला. वडील रेव्हरंड सोराबजी खरशेटजी हे मूळचे पारशी. तरुणपणी त्यांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला आणि त्यापायी आप्तस्वकीयांचा रोष पत्करला. पुढे चर्च मिशनरी सोसायटीच्या कार्यात त्यांनी आयुष्य वेचले. आई फ्रान्सिना यांचा जन्म दक्षिण भारतातला. त्यांना फोर्ड नावाच्या इंग्रज दांपत्याने दत्तक घेऊन वाढविले होते. त्या दत्तक आजीचे, म्हणजे लेडी कॉर्नेलिया फोर्ड यांचे नाव या मुलीला ठेवण्यात आले.

बालपण बेळगाव व पुणे येथे गेले. आई मोठी कर्तृत्ववान. पुण्यात त्यांनी शाळा काढल्या. त्यांतील व्हिक्टोरिया हायस्कूल विशेष नावारूपास आले. निरनिराळ्या धर्मांची व जातींची मुले तेथे एकत्र शिकत. मुलींना शिकविणे हा त्या घरात वादाचा विषयच नव्हता. कॉर्नेलियाबाईंची एक बहीण ॲलिस पुढे डॉक्टर झाली, तर दुसरी बहीण सूझी हिने पुण्यात सेंट हेलेनाज ही शाळा स्थापन केली.

आईकडे अडल्यानडल्या स्त्रियांची सतत ये-जा असे. एकदा एक गुजराती विधवा रडत आली. तिच्या कारभाऱ्याने विश्वासघात करून, कागदावर तिची सही मिळवून, तिची मालमत्ता लुबाडली होती. ज्या कागदावर आपण सही केली त्याचा अर्थ काय, हेच त्या बिचारीला ठाऊक नव्हते. लहानग्या कॉर्नेलियाने ते सारे पाहिले. अशा स्त्रियांना साहाय्य करावयाचे तर कायदा शिकला पाहिजे, हे आईने तिला सांगितले आणि ते तिच्या मनात खोल रुजले. विद्येची ओढ तिला लागली ती अशी, दुसऱ्याच्या अश्रूंमधून. पुढील सर्व वाटचाल समजून घेताना हा प्रसंग विसरून चालणार नाही.

पहिला क्रमांक आणि नाकारलेली शिष्यवृत्ती

त्या काळी मुंबई विद्यापीठाची दारे स्त्रियांसाठी नुकतीच कोठे किलकिली होत होती. ती उघडावीत म्हणून रेव्हरंड सोराबजी यांनीही खटपट केली होती. कॉर्नेलिया मॅट्रिक होऊन पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाली. त्या महाविद्यालयाची ती पहिली विद्यार्थिनी. चोहीकडे मुलगे आणि त्यांत ही एकटी. तिचे येणे सर्वांनाच रुचले असे नाही. परंतु तिने वादावादीत वेळ दवडला नाही. पुस्तकात डोके घातले. पदवी परीक्षेत ती तेथील सर्व मुलग्यांच्या पुढे गेली आणि मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर ठरली.

एवढ्या यशानंतर इंग्लंडमध्ये उच्च शिक्षण घेण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळावयास हवी होती. तिचे गुण त्यास पात्र होते. परंतु शिष्यवृत्ती नाकारण्यात आली आणि कारण एकच, ते म्हणजे उमेदवार स्त्री होती.

येथे क्षणभर थांबून विचार करावा. प्रश्नपत्रिका तीच, परीक्षक तेच, गुण देण्याची रीत तीच. केवळ निकालपत्रावरील नाव मुलीचे म्हणून श्रमाचे मोल बदलले. अशा वेळी मनुष्य दोन मार्गांपैकी एक धरतो. एक, परीक्षाच खोटी असे म्हणून पाठ फिरविणे. दुसरा, आपल्यातच काही उणे असेल असे मानून खाली बसणे. या तरुणीने दोन्ही मार्ग टाळले. ती अहमदाबादला गेली आणि गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकवू लागली. तेथील विद्यार्थी पुरुष होते आणि शिकविणारी विशी ओलांडलेली मुलगी. ज्या व्यवस्थेने तिला विलायतेस जाण्यास अपात्र ठरविले, त्याच व्यवस्थेतील महाविद्यालयात ती मुलग्यांना शिकविण्यास पात्र होती! या विसंगतीबद्दल कुरकुर करीत न बसता तिने नेमलेले काम चोख केले.

तिच्यावरील अन्यायाची वार्ता इंग्लंडमध्ये पोहोचली. लेडी मेरी हॉबहाउस, कुमारी ॲडलेड मॅनिंग अशा सज्जन स्त्रियांनी पुढाकार घेऊन निधी उभा केला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल व सर विल्यम वेडरबर्न यांनीही त्यास हातभार लावला. सरकारने जे नाकारले ते मित्रांनी दिले आणि १८८९ साली कॉर्नेलिया ऑक्सफर्ड येथील सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाली.

सवलत नको, तीच परीक्षा हवी

ऑक्सफर्डला थोर विद्वानांचा स्नेह तिला लाभला. बेलियल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जॉवेट यांनी तिच्यावर पित्यासारखी माया केली आणि कायद्याच्या अभ्यासाची वाट मोकळी करून दिली. ऑल सोल्स कॉलेजचे प्रमुख सर विल्यम ॲन्सन यांनी तेथील कॉड्रिंग्टन ग्रंथालय तिला खुले केले. त्या ग्रंथालयात बसून वाचण्याची मुभा मिळालेली ती पहिली स्त्री होय.

परंतु स्नेह निराळा आणि नियम निराळा. बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ ही कायद्याची पदव्युत्तर परीक्षा तोवर कोणाही स्त्रीने दिलेली नव्हती. तिने परीक्षेस बसू नये असे काहींना वाटत होते. शेवटी तोडगा निघाला तो असा की, तिने पुरुषांबरोबर न बसता आपल्या वसतिगृहात वेगळे बसून उत्तरे लिहावीत. एखाद्याने हे आनंदाने मान्य केले असते. कॉर्नेलियाने मात्र नम्रपणे व ठामपणे हरकत घेतली. वेगळी घेतलेली परीक्षा ही जगाच्या दृष्टीने हलकी परीक्षा ठरणार, हे तिने अचूक ओळखले होते. तिला दया नको होती; इतरांना लावलेलीच कसोटी तिला हवी होती. अखेर तिच्या हितचिंतकांच्या प्रयत्नांना यश आले आणि विद्यापीठाच्या सभेने खास ठराव करून तिला परवानगी दिली. १८९२ साली तिने पुरुष परीक्षार्थींच्या बरोबरीने परीक्षा दिली व ती उत्तीर्ण झाली.

कष्टाने मिळविलेल्या मान्यतेचे रहस्य या प्रसंगात दिसते. ज्याला स्वतःच्या श्रमांवर विश्वास असतो तो कसोटी सोपी करून मागत नाही. सोप्या कसोटीने मिळालेले प्रशस्तिपत्र भिंतीवर शोभेल, परंतु संकटसमयी त्याचा आधार वाटत नाही.

परीक्षा झाली, निकाल लागला. पदवी मात्र मिळाली नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठ त्या काळी स्त्रियांना परीक्षेस बसू देई, पण पदवी देत नसे. पंचविशीतील कॉर्नेलियाबाई रिकाम्या हातांनी, परंतु भरलेल्या मस्तकाने स्वदेशी परतल्या.

पडद्याआडच्या पक्षकार

भारतात आल्यावर पुन्हा तेच. कायदा येतो, पण वकिली करता येत नाही. काही संस्थानांत ब्रिटिश अधिकाऱ्यांपुढे पडदानशीन स्त्रियांची बाजू मांडण्यास त्यांना परवानगी मिळाली. परंतु न्यायालयात वकील म्हणून उभे राहण्याचा अधिकार नव्हता. तेव्हा त्यांनी काय केले? त्या पुन्हा परीक्षेस बसल्या! १८९७ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची एल्‌एल्. बी. परीक्षा दिली आणि १८९९ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा दिली. दोन्हींत त्या उत्तीर्ण झाल्या. तरीही सनद नाकारण्यात आली. अट पुरी करावी आणि नवी अट पुढे यावी, असा हा खेळ होता.

आपल्याला हे वाचतानाही थकवा येतो. कॉर्नेलियाबाई थकल्या नसतील असे नाही. परंतु त्यांच्या डोळ्यांपुढे ती रडणारी विधवा होती. राजघराण्यांतील व जमीनदार घराण्यांतील अनेक स्त्रिया त्या काळी पडद्यात राहत. घराबाहेरच्या कोणाही पुरुषाला त्यांचे तोंड पाहण्याची मुभा नसे. वकील पुरुष, न्यायाधीश पुरुष, अधिकारी पुरुष. तेव्हा त्यांनी आपले गाऱ्हाणे सांगावे कोणाला? सारा व्यवहार कारभाऱ्याच्या हाती. पडद्यामागून कागद आत जाई व सही होऊन बाहेर येई. ती कोणी केली, समजून केली की धाकाने केली, हे कळण्यास मार्ग नसे. अशा ठिकाणी कायदा जाणणारी स्त्रीच आत जाऊ शकत होती.

ही निकड त्यांनी सरकारच्या नजरेस आणून दिली. तिचा पाठपुरावा केल्यावर १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्‌समध्ये त्यांची महिला साहाय्यक म्हणून नेमणूक झाली. ज्या जमीनदारीचा वारस अज्ञान असे, किंवा जिची मालक स्त्री असे, अशा मालमत्तांची व्यवस्था हे सरकारी खाते पाहत असे. १९०७ पर्यंत त्यांचे कार्यक्षेत्र बंगाल, बिहार, ओरिसा व आसाम एवढे विस्तारले. रेल्वेने, होडीने, पालखीने, प्रसंगी हत्तीवरून त्या दूरदूरच्या वाड्यांपर्यंत जात. विधवेचा पोटगीचा हक्क, अज्ञान वारसाचे संरक्षण, भाऊबंदांतील तंटे, मुलांचे शिक्षण अशी नाना कामे त्यांच्यापुढे येत. जवळजवळ वीस वर्षांत सहाशेहून अधिक स्त्रिया व मुले यांना त्यांनी साहाय्य केले आणि पुष्कळदा त्याचा मोबदलाही घेतला नाही. १९०९ साली सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले.

लक्षात घ्या, या सर्व काळात त्यांच्यापाशी ना ऑक्सफर्डची पदवी होती, ना वकिलीची सनद. होते ते फक्त शिकलेले ज्ञान. ज्या विधवेची जमीन वाचली तिने त्यांच्या नावापुढील अक्षरे विचारली नाहीत. विद्या ही प्रमाणपत्राची वाट पाहत बसत नाही. ती ज्याच्यापाशी असते त्याच्या हातून कामाला लागते.

मग पदवी कशाला?

असे असेल तर पदवीचे महत्त्व ते काय, असा प्रश्न कोणी विचारील. आपल्या मंडळ्यांतूनही कधी कधी असे बोलले जाते की, देवाच्या सेवेला पदव्या कशाला हव्यात. मनुष्यांकडून मान मिळविण्याची इच्छा हा गर्वच नव्हे काय? या प्रश्नाचे उत्तर कॉर्नेलियाबाईंच्या पुढील आयुष्यात मिळते.

त्यांच्यासारख्या इतरही स्त्रिया न्यायालयाचे दार ठोठावत होत्या. कलकत्ता उच्च न्यायालयाने १९१६ साली रेजिना गुहा यांना व पाटणा उच्च न्यायालयाने १९२१ साली सुधांशुबाला हाजरा यांना वकिलीची परवानगी नाकारली. त्याच १९२१ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने मात्र कॉर्नेलियाबाईंचे नाव वकिलांच्या पटावर घेतले. परीक्षा देऊन बावीस वर्षे झाली होती! १९२३ साली कायदा होऊन भारतातील सर्व स्त्रियांना वकिलीचा मार्ग मोकळा झाला.

तिकडे ऑक्सफर्डनेही १९२० साली आपला नियम बदलून स्त्रियांना पदव्या देण्याचे ठरविले. १९२२ साली कॉर्नेलियाबाई इंग्लंडला गेल्या आणि तीस वर्षांपूर्वी कमावलेली पदवी त्यांनी स्वीकारली. पुढल्या वर्षी लंडनच्या लिंकन्स इनमधून त्या बॅरिस्टर झाल्या. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी पदवीचा झगा अंगावर घालणे हा केवळ हौसेचा भाग असता, तर त्यासाठी एवढा सायास कोणी केला नसता. मला वाटते, त्यांनी आपले देणे वसूल केले. आणि ते एकट्यासाठी नव्हे. जी मान्यता आपण कमावूनही मागत नाही, ती आपल्या मागून येणाऱ्यालाही नाकारली जाते. एका स्त्रीचे नाव त्या पटावर चढले की दुसरीला नाही म्हणणे अवघड होते. सेवेला प्रमाणपत्र लागत नाही हे खरे. परंतु बंद दार उघडावयास ते लागते, हेही तितकेच खरे.

एक उणी बाजू

थोरांची चरित्रे सांगताना त्यांच्या उणिवा झाकण्याची रीत बरी नव्हे. पवित्र शास्त्रही दाविदाचे वा पेत्राचे अपराध लपवीत नाही. कॉर्नेलियाबाईंची ब्रिटिश राज्यावर अढळ निष्ठा होती. महात्मा गांधींच्या चळवळीला त्यांचा विरोध होता. १९२७ साली कॅथरिन मेयो यांच्या भारताची निंदा करणाऱ्या पुस्तकाने देशभर संताप उसळला, तेव्हा त्यांनी मेयोबाईंची बाजू घेतली. त्यामुळे देशबांधवांचा विश्वास त्यांनी गमावला आणि त्यांच्या समाजकार्यालाही त्याची झळ पोहोचली. ज्यांनी आपल्याला हात दिला त्यांच्याविषयीची कृतज्ञता त्यांना सोडता आली नाही. परंतु ज्या सरकारने त्यांची शिष्यवृत्ती नाकारली तेही त्याच राज्याचे होते, हे त्यांच्या दृष्टीआड झाले असावे. मान्यता देणाऱ्याच्या चष्म्यातून सर्व जग पाहू लागणे हा विद्वानांपुढील मोहच आहे. त्यापासून आपणही सावध असावे.

कलकत्त्यात त्यांनी वकिली सुरू केली खरी, परंतु पुरुषांच्या पूर्वग्रहांमुळे न्यायालयात बोलण्यापेक्षा लेखी मत देण्याचेच काम बहुधा वाट्याला आले. १९२९ साली निवृत्त होऊन त्या लंडनला स्थायिक झाल्या. आयुष्यभराच्या अनुभवांवर त्यांनी ग्रंथ लिहिले. आईवडिलांचे व बहीण सूझी यांचे चरित्रही लिहिले. ६ जुलै १९५४ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. २०१२ साली लिंकन्स इनमध्ये त्यांच्या अर्धपुतळ्याचे अनावरण झाले. मान्यतेने त्यांच्याकडे येण्यास नेहमीच उशीर केला!

कसोटीस उतरलेला कामकरी

नव्या कराराचे भाषांतर करताना एका ग्रीक शब्दापाशी मी अनेकदा थांबलो आहे. तो शब्द म्हणजे दोकिमॉस. पारखून खरे ठरलेले नाणे किंवा धातू यांच्यासाठी तो वापरीत. पौलाने तीमथ्याला जो उपदेश केला त्यात, आणि रोमकरांस पत्राच्या शेवटी अपिल्लेस नावाच्या बंधूला सलाम सांगताना, त्याने हाच शब्द योजला आहे. त्यात दोन अर्थ एकत्र नांदतात: आधी पारख होणे आणि मग पसंतीस उतरणे. पारख टाळून पसंती मिळविता येत नाही, आणि ज्याची पारख झाली त्याला खाली मान घालण्याचे कारण उरत नाही.

कॉर्नेलियाबाईंच्या जीवनाकडे पाहिले की या शब्दाचा अर्थ उमगतो. १८९२ साली नाणे पारखले गेले. त्यावर छाप उमटली ती १९२२ साली. परंतु मधली तीस वर्षे ते खरेच होते आणि बाजारात चालतही होते.

आज आपली मराठी ख्रिस्ती कुटुंबे दिल्लीपासून बंगळूरपर्यंत पसरली आहेत. कित्येक घरांतील मुलगा वा मुलगी ही त्या घरातील पहिली पदवीधर असते. कोणाला प्रवेश नाकारला जातो, कोणाला श्रम करूनही श्रेय मिळत नाही, कोणी नापास होऊन घराच्या कोपऱ्यात तोंड लपवून बसतो. त्यांना उपदेशाचे डोस पाजण्यापेक्षा ही कथा सांगावी. नाशिकची एक मुलगी कसोटी सोपी करून मागत नव्हती, नकार मिळाला तर पुन्हा परीक्षेस बसत होती, आणि शिकलेले ज्ञान पदवीची वाट न पाहता दुबळ्यांसाठी खर्च करीत होती. आणि जेव्हा पदवी घेण्याची वेळ आली, तेव्हा उशीर झाला म्हणून ती रुसून बसली नाही. उठली, आणि आपले होते ते घेऊन आली.